प्रागचं 72 तासांचं ट्राम-मेट्रो तिकीट: छोट्या ट्रिपला घ्यावं का? माझा अनुभव

मे 2025 ला आई आणि मी प्रागला जाऊन आलो, गुरुवार दुपार ते रविवार दुपार, मोजून तीन दिवस. निघायच्या आधी मी महिनाभर नुसती वाचत होते, हा पास घ्या तो पास घ्या, या बसने फिरा त्या बोटीने फिरा, डोकं भणभणायला लागलं. शेवटी तीन दिवस जे खरोखर उपयोगी पडलं ते म्हणजे तिथल्या शहर वाहतुकीचं साधं कागदी 72 तासांचं तिकीट, तेव्हा 330 कोरुना (कोरुना म्हणजे तिथलं चलन). तेव्हा त्याचाच रिव्ह्यू लिहितेय, आणि त्या तिकिटाभोवती ट्रिप कशी बसवली तेही सांगते, कारण माझ्या मते तीन दिवसांच्या ट्रिपचं प्लॅनिंग तिथूनच सुरू करावं.

आधी तिकीट काय आहे ते. मेट्रो, ट्राम, बस, शहराच्या हद्दीतल्या लोकल गाड्या आणि व्ल्तावा नदी ओलांडणाऱ्या छोट्या फेरीबोटी, सगळ्याला हे एकच चालतं. कितीही वेळा चढा उतरा. आम्ही गेलो तेव्हा 30 मिनिटांचं तिकीट 30 कोरुना, 90 मिनिटांचं 40, 24 तासांचं 120 आणि 72 तासांचं 330 होतं. म्हणजे चोवीस तासांची तीन घेतली तर 360, त्यापेक्षा तीस कोरुना वाचतात, ती काही मोठी रक्कम नाही पण दर वेळी मशीनसमोर उभं राहायचं नाही हे सुख मोठं आहे. आणि आईचं तर तिकीटच लागलं नाही, 65 च्या पुढच्यांना प्रागमध्ये फुकट प्रवास आहे, वयाचा पुरावा जवळ पाहिजे एवढंच. आई तीन दिवस पासपोर्ट छातीशी धरून फिरली. घरातल्या मोठ्यांना घेऊन जाणार असाल तर हे आधी लक्षात ठेवा, उगाच दोन तिकिटं काढून मोकळे व्हाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तिकीट विकत घेतलं म्हणजे चालू झालं असं नाही. ट्राम आणि बसमध्ये दाराजवळ पिवळं छोटं मशीन असतं, मेट्रोत खाली उतरायच्या आधी असतं, त्यात तिकीट बाणाच्या दिशेने सरकवायचं, खट्ट आवाज येतो आणि तारीख-वेळ छापली जाते. त्या क्षणापासून 72 तास. हे एकदाच करायचं, दुसऱ्यांदा छापलंत तर तिकीट बाद. ट्रामच्या मधल्या भागात कार्डाने तिकीट देणारं मशीन असतं, त्यातून निघालेल्या तिकिटावर वेळ आधीच छापलेली असते, ते परत पिवळ्या मशीनमध्ये घालायचं नाही. मोबाइल ॲपवरूनही मिळतं, पीआयडी लीताच्का नावाचं ॲप आहे, पण मला कागदच बरा वाटला, फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत कुठे टिकते.

प्रागच्या मेट्रोला अडवणारी गेट नाहीत. सरळ आत जाता येतं. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की इथे कोण बघतंय, पण बघतात हो. साध्या कपड्यातले तपासनीस असतात, बिल्ला दाखवतात आणि तिकीट मागतात. आम्हाला मालोस्त्रान्स्का स्टेशनवर सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी गाठलं, माझ्या तिकिटावरची वेळ बघितली, आईचा पासपोर्ट उघडून जन्मसाल बघितलं, मान हलवली, झालं. आमच्या बाजूला एक जोडपं होतं त्यांच्याकडे तिकीट होतं पण छापलेलंच नव्हतं, त्यांनी किती समजावलं तरी दंड भरावाच लागला. बिचारी मुलगी रडायला आली होती. तिकीट काढूनही दंड, का तर त्या एका खट्टसाठी, म्हणून एवढं घोळवून सांगतेय.

आम्ही तिकीट विमानतळावरच काउंटरवरून घेतलं. तिथून शहरात यायला 59 नंबरची ट्रॉलीबस आहे, वरून तारेवर चालणारी, मार्च 2024 पासून ती जुन्या 119 नंबर बसच्या जागी आली. ती नाद्राझी वेलेस्लावीन नावाच्या मेट्रो स्टेशनला सोडते आणि तिथून हिरवी ए लाइन थेट शहराच्या पोटात. जुन्या ब्लॉगवर अजून 119 च लिहिलेलं सापडतं, गोंधळू नका. विमानतळाहून मुख्य रेल्वे स्टेशनला जाणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस बस वेगळी, तिला हे तिकीट चालत नाही.

मी तिकीट ट्रॉलीबसमध्ये चढल्यावर छापलं, गुरुवार दुपारी दोन पन्नास. म्हणजे रविवारी दोन पन्नासपर्यंत. आमचं परतीचं विमान रविवारी संध्याकाळी सहाला होतं, म्हणजे पावणेदोनला निघालो की विमानतळापर्यंतचा प्रवासही त्यातच बसतो. हे मी आधी वहीत मांडूनच गेले होते. तुमचं विमान सकाळी उतरत असेल आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी परत असेल तर शेवटच्या तासांसाठी 90 मिनिटांचं एक सुटं तिकीट घ्यावं लागेल, तेवढा हिशोब आधी करा.

राहायला आम्ही विनोह्रादी भागात नाम्येस्ती मीरू स्टेशनजवळ खोली घेतली होती. मुद्दाम. जुन्या शहरात चौकाला लागून राहिलं तर सगळं पायी होतं हे खरं, तिथून चार्ल्स ब्रिज दहा मिनिटांवर आहे, पण भाडं जास्त आणि रात्रभर खाली गलका. विनोह्रादीत झाडं आहेत, शांतता आहे, खाली मेट्रो आणि दारात 22 नंबरची ट्राम. ही 22 नंबर म्हणजे या ट्रिपचा कणा समजा. नाम्येस्ती मीरूवरून निघते, राष्ट्रीय नाट्यगृहापाशी नदीला येते, पूल ओलांडते, मालोस्त्रान्स्काला वळते आणि मग घाट चढल्यासारखी वळणं घेत किल्ल्याच्या मागे वर जाते. लोक पैसे देऊन साइटसीइंगच्या बसमध्ये बसतात आणि हीच वळणं त्यांना नीट दिसत नाहीत. फक्त एक, 22 मध्ये पाकीटमार असतात असं सगळीकडेच सांगतात, गर्दीत पर्स पुढे घ्या.

नाम्येस्ती मीरूचं मेट्रो स्टेशनही बघण्यासारखं आहे. जमिनीखाली 53 मीटर, आणि सरकता जिना 87 मीटर लांब. पहिल्यांदा उभी राहिले तर खालचं टोक दिसेना. आईने माझा दंड असा घट्ट धरला की संध्याकाळी वळ दिसत होता. दोन मिनिटांच्या वर उभं राहावं लागतं, लोक आरामात पुस्तक वाचत उतरतात. उजवीकडे उभं राहायचं, डावीकडून घाईवाले जातात. दुसऱ्या दिवशी आई स्वतःच पुढे होऊन उभी राहिली. आणि मेट्रोचं दार लागायच्या आधी ती रेकॉर्डेड घोषणा, "उकोंचेते, प्रोसीम, वीस्तुप अ नास्तुप, द्वेर्झे से झाविरायी", म्हणजे कृपया चढणं-उतरणं आटपा, दारं बंद होतायत. तीन दिवसांत आम्हा दोघींना पाठ झाली, आई घरी आल्यावर लिफ्टमध्ये म्हणायची.

आता दिवस कसे बसवले ते सांगते, कारण इथे लोक फार चुकतात. प्रागमध्ये दोन गोष्टींचा वार बघावा लागतो. योसेफोव्ह म्हणजे ज्यू मोहल्ला, तिथलं म्युझियम आणि सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं शनिवारी बंद असतात कारण तो त्यांचा शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. आणि किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेसाठी असतं, पर्यटकांना दुपारी बारानंतर सोडतात. म्हणजे गुरुवार ते रविवार जाणाऱ्याला योसेफोव्ह शुक्रवारी आणि किल्ला शनिवारी, हाच क्रम येतो. आमच्या हॉटेलात नाश्त्याला भेटलेल्या एका काकांनी नेमके बंद असलेले वार धरले होते आणि त्यांचं दोन्ही हुकलं, खूप हळहळत होते.

गुरुवारी संध्याकाळी फक्त जुन्या शहराचा चौक. ओर्लोय, म्हणजे ते खगोलीय घड्याळ, 1410 चं आहे. दर तासाला खिडक्या उघडतात, येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, बाजूचा सांगाडा घंटा ओढतो, आणि बघता बघता संपतं. गर्दी इतकी फोन वर करून उभी असते की लोक नंतर म्हणतात एवढंच? माझं मत वेगळं आहे, प्रेषितांकडे नका बघू, त्यांच्या खाली दोन तबकड्या आहेत त्यातल्या वरच्या तबकडीकडे बघा. सूर्य कुठल्या राशीत आहे, चंद्राची कला काय आहे, सूर्यास्त किती वाजता, सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी हे सगळं दातेरी चाकांवर बसवलं. पत्रिका-पंचांग बघणाऱ्या माझ्या आईला ते चटकन कळलं, मलाच समजावून सांगावं लागलं. तिथेच टाउन हॉलपाशी जमिनीवर पांढऱ्या दगडात 27 क्रॉस बसवलेत, 21 जून 1621 ला या चौकात 27 जणांना देहदंड दिला त्याची ती खूण. लोक त्यांच्यावर उभं राहून घड्याळाचा फोटो काढतात. खाली बघा एकदा.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला आम्ही चार्ल्स ब्रिजवर होतो. मेमध्ये उजाडतं लवकर, आणि ट्राम पहाटेपासून असतात, रात्रीही असतात, नव्वदीच्या नंबरांच्या रात्रीच्या ट्राम लाझार्स्का थांब्यावर एकमेकींना भेटतात. त्या वेळी 72 तासांच्या तिकिटाची किंमत कळते, टॅक्सी नाही, भाव नाही, नुसतं चढायचं. पूल 516 मीटर लांब, काम सुरू झालं 1357 ला चौथ्या चार्ल्स राजाच्या काळात, दोन्ही बाजूंना मिळून 30 पुतळे. आता उभ्या असलेल्यांपैकी बऱ्याच प्रतिकृती आहेत, मूळ म्युझियममध्ये हलवलेत, पण धुक्यात त्याने काही फरक पडत नाही. नेपोमुकच्या संत जॉनचा पुतळा सगळ्यात जुना, 1683 चा, त्याच्या खालची पितळी चौकट लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखी चकचकीत केलीय. आम्ही गेलो तेव्हा पुलावर दहाबारा माणसं. सकाळी दहाला परत आलो तेव्हा पाऊल ठेवायला जागा नव्हती. पहाटे उठायचा कंटाळा असेल तर त्या ट्रिपमधलं सगळ्यात सुंदर तुम्ही सोडताय एवढं सांगते.

योसेफोव्हबद्दल मला जास्त लिहायचंय. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या ज्यू लोकांची नावं हाताने लिहिलीत, नाझींनी मारलेल्यांची, जवळपास 80,000. आडनाव, मग नाव, जन्मतारीख, मग शेवटची माहीत असलेली तारीख. एकाच आडनावाखाली पाचसहा नावं, त्यात दोन वर्षांची मुलं. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत, फुलपाखरं, घरं, जेवणाचं टेबल. आई तिथे एका चित्रासमोर खूप वेळ उभी राहिली, मी हाक मारली नाही. बाहेर जुनं ज्यू कब्रस्तान, 1787 पर्यंत वापरात होतं, जागा वाढवता येईना म्हणून एकावर एक थर रचत गेले, आज सुमारे 12,000 दगड एकमेकांवर रेललेले दिसतात. याला अर्धा दिवस ठेवा, दोन तासांत उरकू नका. याचं तिकीट वेगळं आणि महाग वाटेल पण त्याबद्दल तक्रार नाही.

त्या दुपारी मी एक चूक केली होती ती सांगते. निघायच्या आधी एका पर्यटन कंपनीचा चढा-उतरा बसचा एक दिवसाचा पास ऑनलाइन घेऊन ठेवला होता, नाव घेत नाही. जुन्या शहराच्या गल्ल्यांत बस शिरूच शकत नाही, ती बाहेर बाहेरून फिरते, पुढची बस कधी येईल ते थांब्यावरच्या माणसालाही सांगता येईना, चाळीस मिनिटं उन्हात उभ्या राहिलो. शेवटी आईच म्हणाली, अगं ती आपली ट्राम जातेय ना समोरून. बसलो 17 नंबरमध्ये, आणि ती नदीच्या काठाकाठाने गेली, एका बाजूला किल्ला, पाणी, हंस, पुढे राष्ट्रीय नाट्यगृह, जे 1881 ला उघडलं, त्याच वर्षी जळालं आणि लोकांनी वर्गणी काढून 1883 ला परत उभं केलं, मग ते नाचणारं घर, म्हणजे नाचल्यासारखी वाकलेली इमारत. पासमध्ये जे दाखवणार होते त्यातलं बहुतेक ट्रामच्या खिडकीतून बघून झालं. त्या पासचे पैसे गेले ते गेलेच.

शनिवार किल्ला. इथे एकच सल्ला, ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर मालोस्त्रान्स्काला उतरून पायऱ्या चढू नका. 22 मध्येच बसून राहा, प्राझ्स्की ह्राद म्हणजे किल्ल्याचा थांबाही सोडा आणि पोहोर्झेलेत्सला उतरा. तिथून सगळा उतार. आधी स्त्राहोव्ह मठ आणि त्यातली लायब्ररी, मग लोरेता हे चर्च, मग किल्ल्याचा दरवाजा, शेवटी पायऱ्या पण उतरायच्या. आईच्या गुडघ्यांनी मला आशीर्वाद दिले. किल्ल्याच्या आवारात फिरायला पैसे नाहीत, तिकीट आतल्या इमारतींना, कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्ज बॅसिलिका आणि गोल्डन लेन. रांग लागते, नऊच्या आत पोचा. कॅथेड्रलचं काम 1344 ला सुरू झालं आणि पूर्ण झालं 1929 ला, जवळपास सहाशे वर्षं, त्यामुळे आतल्या रंगीत काचांत विसाव्या शतकातली, आल्फोन्स मुखा या चित्रकाराची खिडकीही आहे, डावीकडे, ती चुकवू नका. सकाळचं ऊन आतून बघताना वेगळंच वाटतं. जुन्या राजवाड्यात ती खिडकी दाखवतात जिथून 1618 ला बादशहाच्या कारभाऱ्यांना बाहेर फेकलं आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं, गंमत म्हणजे फेकलेले तिघंही जगले. दुपारी बाराला पहिल्या चौकात पहारा बदलतो, बँड वाजतो.

पेत्र्झीनच्या टेकडीवरची दोरीची गाडी मात्र मिळाली नाही, सप्टेंबर 2024 पासून ती दुरुस्तीसाठी बंद होती. आईला चढ नको म्हणून आम्ही टेकडी सोडली. त्याऐवजी 23 नंबरच्या ट्राममधून खाली आलो. 23 नंबरवर मुद्दाम जुन्या टात्रा टी-3 गाड्या चालवतात, लाल-क्रीम, गोल नाकाच्या, साठच्या दशकातलं डिझाइन, आणि आपलं नेहमीचं तिकीट चालतं. 42 नंबरची ऐतिहासिक ट्राम वेगळी, तिला वेगळं तिकीट, या दोन्हींत गल्लत करू नका. टी-3 ला पायऱ्या उंच आहेत, आईला एका तरुण मुलाने हात दिला, आणि आतली थरथर, घंटी, खिडकी उघडी, तो अर्धा तास मला किल्ल्याइतकाच आवडला.

पैशांबद्दल दोन वाक्यं. चेक देश युरोपियन युनियनमध्ये आहे पण चलन कोरुना, युरो नाही. रस्त्यावर पैसे बदलून देणाऱ्या माणसाकडून अजिबात घेऊ नका, दुसऱ्याच देशाच्या बाद नोटा हातात ठेवतात. "कमिशन शून्य" लिहिलेल्या काउंटरवर दर आधी विचारा, आणि फसलात तर लक्षात ठेवा, तिथल्या कायद्यात 2019 पासून तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो, हजार युरोपर्यंतचा, पावती मात्र पाहिजे. एटीएम बँकेचंच वापरा आणि मशीनने विचारलं तर कोरुनामध्येच वळतं करा म्हणून सांगा. ट्राममध्ये, विमानतळावर सगळीकडे कार्ड चालतं, आम्ही फार थोडी रोकड वापरली.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही पण तळलेलं चीज आणि बटाट्याच्या सूपवर तीन दिवस काढायची तयारी ठेवा. "बेझ मासा" म्हणजे मांस नको, एवढं शिकून घ्या, सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का तेही विचारा. कामाच्या दिवशी दुपारी बऱ्याच ठिकाणी "पोलेद्नी मेन्यू" असतो, दुपारचं ठरावीक जेवण, स्वस्त आणि ताजं, आम्ही शुक्रवारी तेच जेवलो. टेबलावर न मागता ठेवलेला पाव फुकट असेलच असं नाही. आणि जागोजागी दिसणारी ती साखरेत घोळलेली नळीसारखी त्रदेल्निक, ती प्रागची जुनी परंपरा नाही, पर्यटकांसाठी आलेली आहे, गोड आवडत असेल तर खा.

रविवारी सकाळी विशेह्राद, हा शहरातला दुसरा जुना किल्ला. लाल सी लाइनने स्वतःच्या नावाच्या स्टेशनला उतरलं की सपाट चालत किल्ल्यात. आवारात यायला पैसे नाहीत, गर्दी नाही, अकराव्या शतकातलं गोल दगडी सेंट मार्टिनचं देऊळ, द्वोर्झाक आणि स्मेताना या संगीतकारांच्या समाध्या, आणि तटावरून खाली व्ल्तावेचं मोठं वळण. आम्ही तिथे बाकावर बसून संत्री खाल्ली. लोक पहिल्या ट्रिपला विशेह्राद सोडतात, मला कळत नाही का.

तिकिटाचा हिशोब असा, वहीत लिहून ठेवलेला, मी एकूण 21 वेळा चढले. अर्ध्या तासाची सुटी तिकिटं काढली असती तर 630 कोरुना झाले असते. पण तुम्ही जुन्या शहरातच राहणार असाल आणि दमदार चालणारे असाल तर तुम्हाला हे तिकीट वसूल होणार नाही, तुम्ही 24 तासांचं एक घ्या, किल्ला आणि विशेह्राद एकाच दिवशी करा आणि बाकी पायी फिरा. कुठे रुळांचं काम चालू असलं की ट्राम वेगळ्या रस्त्याने जातात, थांब्यावर पिवळा कागद लावलेला असतो, तेवढा बघायचा. आणि कागदी तिकीट हरवलं तर दुसरं मिळत नाही, मी फोनच्या कव्हरमध्ये ठेवलं होतं.

व्हिसा शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा लागतो, आम्ही गेलो तेव्हा फी 90 युरो होती, 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघायच्या निदान पंधरा दिवस आधी. मे-जूनसाठी अपॉइंटमेंट लवकर धरा.

रविवारी 59 नंबरमधून विमानतळावर उतरलो तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पंधरा मिनिटं शिल्लक होती. आईने तिकीट मागून घेतलं, ते तिच्या पासपोर्टात अजून आहे.